गोळीबार शहरात कुठून कुठे सरकतो? नकाशावर ते कसं तपासायचं

दोन वर्षांचे दोन नकाशे शेजारी ठेवले की नजर आपोआप फरक शोधू लागते. इथला लाल डाग फिका झाला, तिथे नवा उमटला, म्हणजे हिंसाचार इकडून तिकडे गेला, असं मन ठरवूनही टाकतं. बंदुकीच्या हिंसाचाराचे नकाशे करायला लागलो तेव्हा मीही असेच निष्कर्ष काढले आणि त्यातले बरेच नंतर मागे घ्यावे लागले. डाग सरकायला कारणं पुष्कळ असतात. रंगांची पट्टी बदलते, हद्दी बदलतात, लोक घरं सोडून जातात, नोंद ठेवायची पद्धत बदलते. गोळीबार खरोखरच सरकला हे त्यातलं फक्त एक कारण आहे, आणि बाकीची सगळी तपासून झाल्यावरच ते मान्य करायचं. हा लेख त्या तपासणीचा आहे.

उदाहरण म्हणून अमेरिकेतलं शिकागो घेतो. तिथली माहिती सर्वांसाठी खुली आहे, बरीच जुनी आहे आणि एकेका घटनेपर्यंत जाते. न्यूयॉर्कच्या पोलिसांची गोळीबाराची नोंद २००६ पासूनची आणि फिलाडेल्फियाची २०१५ पासूनची मिळते. पद्धत कळली की ती त्या शहरांनाही लावता येते.

आधी ठरवा: मोजायचं काय?

‘बंदुकीचा हिंसाचार’ हे एक माप नाही. गोळी लागून झालेले मृत्यू, गोळी लागून वाचलेले लोक, गोळ्या झाडल्या पण कोणाला लागल्या नाहीत अशा घटना, बंदूक दाखवून केलेली लूट, यांतल्या प्रत्येकाचा नकाशा वेगळा येतो.

नवशिके बहुतेक वेळा खुनांचे आकडे घेतात, कारण ते सहज मिळतात. माझं मत स्पष्ट आहे: फक्त खून घेऊ नका. गोळी लागलेला माणूस वाचतो की नाही, हे गोळी कुठे लागली यावर जसं अवलंबून असतं तसंच तो किती लवकर शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचतो यावरही असतं. शिकागोच्या दक्षिण भागात मोठ्यांसाठी सर्वोच्च दर्जाचं ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर जखमींवर तातडीने उपचार करणारं केंद्र, जवळजवळ तीन दशकं नव्हतं. १ मे २०१८ ला शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात ते सुरू झालं. नुसत्या मृत्यूंचा नकाशा काढला तर त्यात गोळीबाराबरोबर रुग्णवाहिकेने कापलेलं अंतरही मिसळलेलं असतं. म्हणून मृत आणि जखमी दोघांना एकत्र धरा. मृत्यूंचं प्रमाण हवंच असेल तर त्याचा नकाशा वेगळा करा.

माहिती उतरवून घ्या आणि एकेक रकाना वाचा

शिकागोच्या डेटा पोर्टलवर खून आणि जीव न गेलेले गोळीबार यांतल्या बळींची एक स्वतंत्र यादी आहे. खुनांची नोंद १९९१ पासून आणि जखमींची २०१० पासून. म्हणजे दोन्ही मिळून तुलना करायची तर सुरुवात २०१० पासूनच होते. सगळी यादी एकत्र घेऊन आलेख काढलात तर २०१० मध्ये हिंसाचार अचानक उसळल्यासारखा दिसेल, आणि ती उसळी निव्वळ नोंदीची असेल. शिवाय खून चाकूनेही होतात, म्हणून गोळीची जखम होती की नाही हे सांगणारा रकाना पाहून गाळणी लावा.

त्यानंतर स्वतःला विचारायचं की एक ओळ म्हणजे एक घटना की एक माणूस? या यादीत ओळ बळीची आहे. एका कोपऱ्यावर पाच जणांना गोळी लागली तर त्या कोपऱ्याच्या पाच ओळी होतात. न्यूयॉर्कच्या यादीतही एकाच घटनेचा क्रमांक अनेक ओळींत येतो. हे लक्षात न घेता मी एकदा एका चौकाला ‘नवं केंद्र’ ठरवलं होतं. उलगडून पाहिलं तर ती एका रात्रीची एकच घटना होती. तेव्हापासून मी दोन रकाने ठेवतो, घटना किती आणि बळी किती. जागा सरकली का हे पाहताना घटना मोजतो आणि माणसांना किती झळ बसली हे सांगताना बळी.

पत्त्याचा रकाना नीट पाहा. त्यात घराचा पूर्ण क्रमांक नसतो, शेवटचे दोन आकडे झाकलेले असतात. बळींची आणि तिथे राहणाऱ्यांची ओळख जपण्यासाठी ही व्यवस्था आहे. त्यामुळे नकाशावरचा ठिपका ब्लॉकपुरता, म्हणजे दोन चौकांमधल्या रस्त्याच्या तुकड्यापुरता, खरा असतो, दारापुरता नाही. अमुक दुकानासमोर गोळीबार होतो असं या माहितीवरून म्हणता येत नाही.

आणखी दोन गोष्टी टिपून ठेवा. ताज्या नोंदी कच्च्या असतात. जखमी माणूस काही दिवसांनी दगावला की तीच नोंद खुनात जाते, म्हणून चालू महिना तुलनेत धरू नका आणि फाइल कोणत्या तारखेला उतरवली ते तिच्या नावातच लिहा. दुसरं, शहरातून जाणाऱ्या एक्स्प्रेसवेवरच्या गोळीबाराचा तपास इलिनॉय राज्य पोलिसांकडे असतो. शहर पोलिसांच्या आकड्यांत तो आहे की नाही हे यादीच्या वर्णनात पाहूनच पुढे जा.

गोळीचा आवाज टिपणाऱ्या यंत्रणेच्या नोंदीही मोहात पाडतात, कारण त्या हजारोंनी असतात. शिकागोत शॉटस्पॉटर नावाची अशी यंत्रणा होती, तिचा करार सप्टेंबर २०२४ मध्ये संपला. शहराच्या महानिरीक्षकांनी ऑगस्ट २०२१ च्या अहवालात जानेवारी २०२० ते मे २०२१ मधल्या ५० हजारांहून अधिक इशाऱ्यांची छाननी केली. पोलिस पोचल्यावर बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा मिळाला असे इशारे सुमारे ९ टक्के होते. यंत्रं सगळ्या शहरात नव्हती, ठरावीक भागांतच होती. अशा नोंदींचा नकाशा यंत्रं कुठे आणि कधी बसवली याचाही नकाशा असतो.

वेळ नीट लावा

गोळीबार उन्हाळ्यात वाढतो, शनिवार-रविवारी वाढतो, रात्री वाढतो. म्हणून जानेवारी ते जूनची तुलना जुलै ते डिसेंबरशी करू नका. एका वर्षाचे तेच महिने दुसऱ्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहा, किंवा बारा महिन्यांची सरकती खिडकी घ्या, म्हणजे दर महिन्याला मागच्या बारा महिन्यांची बेरीज.

मध्यरात्रीची एक गफलत हमखास होते. शनिवारी रात्री एक वाजता झालेली घटना नोंदीत रविवारची असते. वारानुसार चित्र काढायचं असेल तर प्रत्येक वेळेतून सहा तास वजा केलेला एक वेगळा रकाना करा. रात्र मधोमध तुटत नाही, आणि शनिवारची रात्र शनिवारचीच राहते.

मोठ्या तुलनेसाठी मी तीन-तीन वर्षांचे गठ्ठे करतो. शिकागोसाठी २०१० ते २०१२, २०१३ ते २०१५ असे. एका ब्लॉकवर वर्षाला एखादीच घटना असेल तर वर्षागणिक नकाशात निव्वळ योगायोगाची लुकलुक दिसते. पण २०२० सारखं वर्ष गठ्ठ्यात बुडवू नका. त्या वर्षी अमेरिकेत खून जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढले आणि शिकागोत गोळीबाराच्या घटना आदल्या वर्षाच्या सुमारे दीडपट झाल्या. ते वर्ष स्वतंत्र दाखवा.

ठिपके मांडणं

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसं आहे. फाइल आत घेतली की पहिलं काम प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत, बदलण्याचं. यादीत अक्षांश-रेखांश अंशांत असतात, आणि शिकागोच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण ८३ किलोमीटरचा, तर अक्षांशाचा १११ किलोमीटरचा. अंशांतच उष्णतानकाशा (घटना जिथे दाट तिथे गडद रंग देणारा नकाशा) काढला तर प्रत्येक वर्तुळ लंबगोल होतं. ठिपके ईपीएसजी २६९१६ या क्रमांकाच्या, मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत नव्याने जतन करा आणि पुढचं सगळं त्यावरच करा.

मग काही रंगवण्याआधी नुसते ठिपके पाहा. शून्य अक्षांश-रेखांशावर पडलेले, तळ्यात पडलेले, शहराबाहेरचे असे ठिपके सापडतील. ते वेगळे काढा आणि किती होते ते लिहून ठेवा. एखाद्या वर्षी ठिकाण नसलेल्या ओळी जास्त असतील तर ते वर्ष उगाचच शांत दिसतं.

आवृत्ती ३.१४ पासून क्यूजीआयएसमध्ये टेम्पोरल कंट्रोलर हे काळानुसार नकाशा चालवणारं साधन आहे. तारखेचा रकाना त्याला जोडला की ठिपके महिन्यामागून महिना उमटताना दिसतात. हे चलच्चित्र लोकांना दाखवायला बरं असतं, निष्कर्ष काढायला नाही. हलणारी गोष्ट डोळ्याला नेहमीच कुठेतरी निघालेली वाटते.

हद्दी: इथे जास्त वेळ द्या

ठिपके मोजायचे तर कशात तरी मोजावे लागतात, आणि ते ‘कशात’ बदललं की उत्तर बदलतं. शिकागोत पोलिस डिस्ट्रिक्ट आहेत, ५० वॉर्ड आहेत, जनगणनेचे विभाग आहेत आणि ७७ कम्युनिटी एरिया, म्हणजे शहराचे ठरलेले वस्तीविभाग, आहेत. २०१२ मध्ये काही पोलिस डिस्ट्रिक्ट एकमेकांत विलीन झाले, २५ चे २२ उरले. वॉर्डांच्या सीमा जनगणनेनंतर पुन्हा आखल्या जातात. अशा सीमांवर दहा वर्षांची तुलना केली तर निम्मा बदल सीमेचाच निघू शकतो. कम्युनिटी एरिया मात्र १९२० च्या दशकात शिकागो विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी आखले, आणि ओ’हेअर विमानतळाची भर व १९८० मध्ये एजवॉटर वेगळं होणं सोडलं तर ते जवळजवळ तसेच आहेत. लांब पल्ल्याच्या तुलनेला हेच सोयीचे.

पण त्यांतही एक खाच आहे. या सीमा पुष्कळदा मोठ्या रस्त्यांवरून जातात, आणि गोळीबारही पुष्कळदा मोठ्या रस्त्यांवरच होतात. दक्षिण शिकागोतल्या एंगलवूड या कम्युनिटी एरियाची उत्तर सीमा गारफील्ड बुलव्हार्ड हा रस्ता आहे. त्या रस्त्यावरचा ठिपका काही मीटर उत्तरेला पडला की मोजणीत तो शेजारच्या भागात जातो. रस्ता एकच, तिथे वावरणारी माणसं तीच, पण एका वर्षी दोन-तीन ठिपके इकडचे तिकडे झाले की तक्त्यात एक भाग ‘सुधारला’ आणि दुसरा ‘बिघडला’ असं दिसतं.

यावर उपाय म्हणजे स्वतःची जाळी टाकणं. क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये जाळी तयार करण्याचं साधन आहे. ५०० मीटरच्या षट्कोनांची जाळी करा, प्रत्येक षट्कोनात पडलेले ठिपके मोजा. आता तीच जाळी २५० मीटर पूर्वेला आणि २५० मीटर उत्तरेला सरकवून पुन्हा मोजा. पहिल्या जाळीत दिसलेला बदल दुसऱ्या जाळीतही दिसला तर तो धरून चाला. नाहीसा झाला तर तो जाळीचा खेळ होता. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि माझ्या कित्येक ‘शोधां’चा निकाल इथेच लागला आहे.

उष्णतानकाशा काढताना तीन गोष्टी बांधून टाका

ठिपक्यांवरून घनतेचा नकाशा काढायचा तर त्रिज्या (एका ठिपक्याचा प्रभाव किती अंतरापर्यंत धरायचा), चौकटीचा आकार (नकाशा ज्या बारीक चौकोनांचा बनतो त्यांचा) आणि रंगपट्टी या तिन्ही सगळ्या वर्षांना सारख्या हव्यात. ८०० मीटर त्रिज्या आणि ५० मीटरची चौकट घेऊन सुरुवात करा. त्रिज्या ४०० केली की डाग फुटतात, १६०० केली की अख्खा पश्चिम भाग एकच ढग होतो. दोन्ही करून पाहा, म्हणजे कोणता डाग त्रिज्येवर टिकून आहे ते कळेल.

सगळ्यात जास्त फसवते ती रंगपट्टी. सॉफ्टवेअर आपणहून प्रत्येक थराचं (इथे एकेका वर्षाच्या नकाशाचं) किमान-कमाल शोधतं आणि कमालला गडद लाल देतं. त्यामुळे शांत वर्षातली सगळ्यात वाईट जागा आणि २०२१ सारख्या भीषण वर्षातली सगळ्यात वाईट जागा सारख्याच लाल दिसतात. सर्व वर्षांतली मिळून सगळ्यात मोठी घनता किती ते काढा, तीच कमाल म्हणून स्वतः टाइप करा आणि ती शैली एका थरावरून कॉपी करून बाकीच्या थरांवर पेस्ट करा. पट्टीवरचे आकडे प्रत्येक नकाशावर छापा. हे केल्यावर पहिल्यांदा लक्षात येतं की बहुतेक डाग जागचे हललेलेच नाहीत, फक्त फिके-गडद होत आहेत.

हे शिकागोपुरतं नाही. बोस्टनमध्ये १९८० ते २००८ या काळाचा रस्त्यांच्या तुकड्यांनुसार अभ्यास झाला. अर्ध्याहून जास्त गोळीबार शहरातल्या ५ टक्क्यांहून कमी तुकड्यांवर आणि चौकांवर एकवटलेला निघाला. मध्यंतरी शहरातली हिंसा चढली आणि उतरली, ते चढउतारही मुख्यतः त्याच मोजक्या जागांवर घडले. म्हणून नवख्याने ‘काय सरकलं’ याआधी ‘काय जागेवर राहिलं’ याचा नकाशा काढावा. प्रत्येक गठ्ठ्यात वरच्या ५ टक्क्यांत येणारे षट्कोन निवडा आणि ते किती गठ्ठ्यांमध्ये पुन्हा पुन्हा आले ते मोजा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात उपयोगाचा नकाशा हाच. मदत कुठे वर्षानुवर्षं पोचलेली नाही, ते तो दाखवतो.

सरकलं की नाही: आकड्यांची कसोटी

पहिली कसोटी वाट्याची. अख्ख्या शहरात गोळीबार दीडपट झाले तर जवळजवळ प्रत्येक भागात ते वाढणार. त्याला सरकणं म्हणत नाहीत. प्रत्येक भागाचा शहरातला वाटा काढा. आधी शंभरातल्या आठ घटना इथे होत होत्या, आता बारा होतात, तर वजन इकडे झुकलं असं म्हणता येईल.

दुसरी कसोटी योगायोगाची, आणि ती कागदावरही होते. एका भागाची मागच्या वर्षांची सरासरी घ्या, चालू वर्षाचा आकडा घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढा, वजाबाकी करा आणि दुप्पट करा. सरासरी ९ आणि यंदा १६ घटना असतील तर वर्गमुळं ३ आणि ४, फरक १, दुप्पट २. यंदा २५ असतील तर ५ उणे ३ म्हणजे २, दुप्पट ४. उत्तर ३ च्या वर किंवा उणे ३ च्या खाली गेलं तरच थांबून बघायचं. ९ वरून १६ म्हणजे ७८ टक्के वाढ. बातमीत ती प्रचंड वाटेल, पण एवढ्या लहान आकड्यांत अशी हालचाल आपोआपही होते. उंबरठा २ ठेवला तर ७७ भागांपैकी तीन-चार भाग काहीही घडलं नसताना दरवर्षी लाल होतील, म्हणून ३. इथेही घटनाच मोजा, बळी नाही, कारण एका घटनेतले बळी एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

सगळ्या ठिपक्यांचा सरासरी मध्य काढून तो दरवर्षी किती सरकला हे दाखवायची पद्धत जुनी आहे. शिकागोसाठी मी ती वापरत नाही. तिथे एक मोठा पुंजका पश्चिमेला आणि एक दक्षिणेला आहे. त्यांचा मध्य दोन्हींच्या मधे, जिथे फारसं काही घडत नाही अशा जागी पडतो. तो बिंदू हलला याचा अर्थ पश्चिमेला कमी झालं, दक्षिणेला वाढलं की दोन्ही, हे त्यातून कळत नाही.

थोड्या दिवसांची हालचाल पाहायची असेल तर प्रश्नच वेगळा असतो. फिलाडेल्फियात गोळीबारांच्या अभ्यासात आढळलं की एका घटनेनंतर दोन आठवड्यांच्या आत, एका ब्लॉकच्या परिसरात पुन्हा गोळीबार होण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ३३ टक्क्यांनी जास्त होतं. अशी लाट उठते आणि विरते. वर्षांच्या नकाशात ती दिसतच नाही. तिच्यासाठी आठवड्यांचे तुकडे करावे लागतात.

लोकसंख्येने भागताना

दर लाखामागे किती, हे माप योग्यच आहे, पण छेद कोणत्या वर्षाचा ते पाहा. एंगलवूडची लोकसंख्या २०१० मध्ये सुमारे ३० हजार ६०० होती, २०२० मध्ये सुमारे २४ हजार ४००. गोळीबार तेवढेच राहिले तरी दर जवळजवळ पावपट वाढलेला दिसेल. उलट कोणी दहा वर्षं जुनीच लोकसंख्या वापरत राहिला तर खरा भार झाकला जाईल. मधल्या वर्षांसाठी दोन जनगणनांमधला आकडा समान पावलांनी उतरवत आणा. लूप या शहराच्या मध्यवर्ती भागासारख्या कचेऱ्यांच्या भागात राहणारे कमी आणि दिवसा येणारे प्रचंड, तिथे रहिवाशांनी भागलेला दर अर्थहीन असतो.

लोक निघून गेलेली जागा नकाशावर शांत दिसते. दक्षिण शिकागोतल्या रॉबर्ट टेलर होम्स या सरकारी घरांच्या वसाहतीच्या २८ उंच इमारती टप्प्याटप्प्याने पाडत २००७ पर्यंत सगळ्या गेल्या. १९९१ पासूनच्या खुनांच्या नकाशात तिथले ठिपके विरळ होताना पाहताना आधी एवढंच लिहा की माणसं उरली नव्हती. ती माणसं कुठे गेली आणि तिथे काय झालं, हा वेगळा अभ्यास आहे, आणि ठिपक्यांवरून त्याचं उत्तर देऊ नये.

नकाशा बाहेर द्यायच्या आधी

एक ओळ म्हणजे एक माणूस, हे मी काम करताना स्वतःला मुद्दाम आठवत राहतो. म्हणून सुटे ठिपके प्रसिद्ध करत नाही, षट्कोनच देतो, आणि ज्या षट्कोनात एक-दोनच घटना आहेत त्यांचा आकडा झाकतो. एका घटनेच्या षट्कोनावर बोट ठेवून शेजारीपाजारी ते कोणाचं घर हे ओळखू शकतात. ‘धोकादायक वस्ती’ हे शब्द शीर्षकात येऊ देऊ नका. त्या भागातल्या शेकडो ब्लॉकवर वर्षभरात एकही गोळी सुटलेली नसते आणि तुमच्या नकाशातच ते दिसत असतं.

तिथे काम करणाऱ्या कोणाला तरी नकाशा आधी दाखवा. गोळीबाराचा बदला टाळण्यासाठी गल्लीत उतरून मध्यस्थी करण्याचं काम शिकागोतच २००० साली वेस्ट गारफील्ड पार्कमध्ये सुरू झालं, आणि अशी माणसं आज अनेक शहरांत आहेत. एखादा कोपरा अचानक थंड का झाला, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना छापील मोठा कागद आणि पेन द्या, स्क्रीन नको. कागदावर माणसं रेघा मारतात, ‘हा आणि हा डाग एकच भांडण आहे’ म्हणून दोन षट्कोन जोडतात. त्या रेघा वेगळ्या थरात उतरवून ठेवा, पण त्यांच्या नावाशिवाय, आणि तो थर प्रसिद्ध करू नका.

शेवटी नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात या गोष्टी लिहा: माहिती कोणत्या यादीतली, कोणत्या तारखेला उतरवली, घटना मोजल्या की बळी, ठिकाण नसलेल्या किती ओळी गाळल्या, त्रिज्या किती, रंगपट्टीची कमाल किती. सहा महिन्यांनी तीच यादी पुन्हा उतरवा आणि तोच नकाशा पुन्हा काढा. जुन्या वर्षांचे आकडे थोडे बदललेले असतील. किती बदलले, तेही तिथेच लिहा.